कागदी मुखवटा आणि भय

ऑक्टोबरच्या 31 तारखेस येणाऱ्या हॅलोवीनपूर्वीच्या दिवसांत आयर्लंडातील आणि अमेरिकेतील मुले जाड पुठ्ठा, काळा व नारिंगी कागद, कात्री आणि डिंक घेऊन वटवाघळे, कवट्या आणि भुतांचे मुखवटे करीत बसतात, तेव्हा काही श्रद्धावान ख्रिस्ती कुटुंबे या उद्योगास हरकत घेतात. आणि ती हरकत उडवून लावण्याजोगी नाही. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण आणि तिसऱ्या दिवशी सर्व मृतात्म्यांसाठी प्रार्थना असताना, अशा दिवसांच्या पूर्वसंध्येस मृत्यूचे खेळणे करणे उचित काय, असा त्यांचा सवाल आहे.

इतिहासाचा दाखला येथे निर्णायक होत नाही. इसवी सन 835 च्या सुमारास पोप चौथा ग्रेगरी याच्या प्रेरणेने फ्रँकांच्या मुलुखात 1 नोव्हेंबर ही तारीख संतांसाठी मुक्रर झाली, आणि पुढे क्लूनीचा मठाधिपती ओडिलो याने 2 नोव्हेंबर मृतांसाठी राखून ठेवली; केल्टांचा हिवाळ्याच्या आरंभाचा उत्सवही याच सुमारास येई. सलगम कोरून भेसूर मुखे करण्याची चाल आयरिश स्थलांतरितांबरोबर अटलांटिकपार गेली आणि तेथे भोपळ्यात स्थिरावली. कागदी सजावटीचा प्रसार त्याहून अलीकडचा. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनीने 1909 साली अशा सजावटीसाठी एक पुस्तिकाच काढली.

म्हणून इतिहास बाजूस ठेवून मुखवटा घडताना पाहावा. कागदी ताटली मुलाच्या चेहऱ्यावर धरून डोळ्यांच्या जागी पेन्सिलीने हलकेच खुणा करतात, ती खाली उतरवून मगच भोके पाडतात, कडांना दोरा ओवतात. दुमडलेल्या काळ्या कागदावर अर्धेच वटवाघूळ काढून कापले की घडी उलगडताच ते पूर्ण होऊन पंख पसरते. या रूपाचा कर्ता आपणच आहोत, हे त्या बालकास पुरते ठाऊक असते. अंधारात सर्प भासलेली दोरी ओळखताच तो सर्प नाहीसा होतो आणि त्याबरोबर भयही, असे वेदान्ती सांगतात. परंतु तोच मुखवटा लावून धाकटा भाऊ दारात उभा राहिला, की ज्याने स्वतः ती ताटली कापली तो मागे सरतो, किंचाळतो, आणि लगेच "पुन्हा ये" म्हणतो. येथे अज्ञान नाही, तरी भय आहे.

रसमीमांसक अभिनवगुप्ताने नाट्यातील भयानक रसाचे विवेचन करताना आपपरभावाच्या बंधनातून सुटलेल्या भयाचा आस्वाद सांगितला, तो प्रेक्षकाचा. निर्मात्यासही तो कंप सुटावा, याचा अर्थ मी असा लावतो की भयात भ्रम असतो तसा अज्ञेयापुढील आदरही असतो: भ्रम ज्ञानाने निवर्ततो, आदर निवर्तत नाही. मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या मनास हा आदर परका कसा म्हणावा? कवटी कापताकापता एखादे मूल "आजोबा आता असेच दिसत असतील का?" असे विचारून बसते, आणि शवपेटीपाशी मोठ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून जो प्रश्न त्याने गिळलेला असतो, त्यास हात कामात गुंतलेले असताना वाट मिळते. हरकत घेणाऱ्या पित्याने त्या घटकेस जवळ असावे आणि आपल्या श्रद्धेप्रमाणे सरळ उत्तर द्यावे. मज्जाव केल्याने ती संधीच जाते. रक्ताने माखलेल्या, क्रौर्याचे कौतुक करणाऱ्या तयार मुखवट्यांविषयी मात्र मी त्याच्याच पक्षाचा आहे, कारण त्यांत केवळ किळस आहे आणि मुलाच्या हातांना करण्यासारखे काहीच उरलेले नाही.