हाडवैर

उपवासकाळाचा पाचवा रविवार



आजचे पहिले वाचन यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील ३७ व्या अध्यायातून घेतलेले आहे. परंतु मिस्सामध्ये आपण १२ ते १४ ही तीनच वचने ऐकतो. कबरी उघडण्याचे वचन तेवढे कानांवर पडते आणि त्याआधीचा, हाडांनी भरलेल्या खोऱ्याचा दृष्टान्त राहून जातो. म्हणून घरी गेल्यावर बायबल उघडून हा अध्याय पहिल्या वचनापासून शेवटपर्यंत वाचा अशी विनंती आहे. शेवटपर्यंत का, ते पुढे सांगतो.

इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. मंदिर जळाले, लोक परक्या मुलखात बंदिवान झाले. आमची हाडे सुकली, आमची आशा संपली, अशी त्यांची भाषा झाली होती. यहेज्केल त्यांच्यातलाच एक याजक. देव त्याला खोऱ्यात फिरवतो. तिथे हाडेच हाडे, आणि तीही अगदी कोरडी. ही जिवंत होतील का, असा प्रश्न त्याला विचारला जातो. तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ते तुलाच ठाऊक, असे म्हणून तो उत्तर प्रभूवर सोडतो. मग खडखडाट होतो, हाडे एकमेकांजवळ सरकतात आणि त्यांवर स्नायू, मांस, कातडी चढते. एवढे होऊनही देहांत श्वास नसतो. तो सर्वांत शेवटी येतो.

हाड म्हटले की आपल्याही डोळ्यांसमोर कोरडे हाडच येते. शाळेच्या प्रयोगशाळेत तारेला टांगलेला सांगाडा आपण पाहिलेला असतो. वस्तुतः आपल्या अंगातले हाड ओले असते, जिवंत असते. कापले तर त्यातून रक्त येते. प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. तान्ह्या बाळाच्या शरीरात त्याहून कितीतरी अधिक तुकडे असतात व वाढीच्या वयात त्यांतले बरेच एकमेकांशी जुळून एक होतात. दोन हात आणि दोन पाय यांच्या पंजांतच १०६ हाडे आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. कवटी मेंदूला सांभाळते, बरगड्यांच्या बारा जोड्या हृदयाला आणि फुप्फुसांना. हाडांच्या आतल्या लाल मज्जेत दर सेकंदाला लाखो तांबड्या रक्तपेशी तयार होतात. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत साठवलेले असते. रक्तात कमी पडले की तिथून काढले जाते, जास्त झाले की परत ठेवले जाते. हाडे झिजवणाऱ्या पेशी वेगळ्या आणि बांधणाऱ्या वेगळ्या, आणि दोघींचे काम रात्रंदिवस चालू असते. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो असे शास्त्र सांगते. आपल्याला कळतही नाही आणि निर्माता मात्र आत डागडुजी करीत असतो.

मराठीत आपण एखाद्याला 'हाडाचा शेतकरी' किंवा 'हाडाचा शिक्षक' म्हणतो. मुळातला, आतून तसा असलेला, हा त्याचा अर्थ. हिब्रू भाषेतही हाडासाठी जो 'एत्सेम' शब्द आहे, तोच एखाद्या गोष्टीचे सत्त्व, नेमकी तीच ती, अशा अर्थाने वापरतात. हव्वेला पाहून आदामाने ती आपल्याच हाडाची आहे असे म्हटले, ते या अर्थाने (उत्पत्ती २:२३). पुढे लाबानानेही आपल्या भाच्याला, याकोबाला, तसेच म्हटले (उत्पत्ती २९:१४). रक्ताच्या नात्याला बायबल हाडाचे नाते म्हणते.

आणि मराठीत आणखी एक शब्द आहे: हाडवैर. तो बहुधा परक्यांसाठी वापरावा लागत नाही.

आपल्या धर्मग्रामातली घरे आठवून पाहा. आईवडिलांनी हाडाची काडे करून वाडी उभी केली, विहीर खणली. ते गेल्यावर सातबाऱ्यावर नावे चढवताना काही बिनसले. कुणी न विचारता सही केली, कुणी बांध दोन हात सरकवला, कुणाला बिल्डरकडून आलेल्या पैशात वाटा मिळाला नाही. आता एकाच अंगणात मधोमध पत्रा उभा आहे. चुलतभावंडे एका शाळेत जातात पण एकमेकांशी बोलत नाहीत. रविवारी दोन्ही कुटुंबे मिस्साला येतात, एक उजवीकडे बसते, एक डावीकडे, आणि शांतीचे चिन्ह देताना मान दुसरीकडे वळते. ही चार कुटुंबांची गोष्ट असती तर मी रविवारच्या पत्रकात लिहिली नसती.

मोडलेले हाड कसे जुळते, हे येथे पाहण्यासारखे आहे. हाडवैद्य असो की इस्पितळातला सर्जन, हाड तो जुळवत नाही. तो दोन टोके ओढून समोरासमोर आणतो आणि ती हलू नयेत म्हणून प्लॅस्टर किंवा पट्टी घालतो, फार तर सळई बसवतो. जुळण्याचे काम आतून होते. मोडले तिथे रक्त साकळते, आणि त्या साकळलेल्या रक्तापासूनच बरे होण्यास सुरुवात होते. तिथे आधी मऊ कूर्चेसारखा सांधा धरतो, मग तो हळूहळू कठीण होतो. पहिले दोन-तीन आठवडे एक्सरे काढला तर जुळल्याची खूण क्वचितच दिसते. रोगी कंटाळतो, घरचे डॉक्टर बदलण्याच्या गोष्टी करू लागतात. पण काम चाललेले असते. (या दिवसांत विडी-तंबाखू चालू ठेवली तर हाड जुळण्यास उशीर होतो, हेही जाता जाता सांगून ठेवतो.) कातडीची जखम भरली की व्रण राहतो. हाड मात्र हाडानेच भरून येते. जुळलेले हाड पूर्वीपेक्षाही मजबूत होते असे आपण ऐकतो, ते फार ताणू नये. पण ओझे उचलण्यास ते पुन्हा लायक होते, एवढे खरे.

टोके नीट समोरासमोर आणली नाहीत तर हाड वाकडे जुळते. आणि जुळण्याच्या काळात ती सारखी हलत राहिली तर कधी कधी जुळतच नाही. दोन्ही टोके गुळगुळीत होतात, मध्ये खोटा सांधा तयार होतो. बाहेरून हालचाल दिसते, पण त्या हाताने ओझे उचलता येत नाही. आपल्याकडच्या कितीतरी समेटांची ही अवस्था आहे. लग्नाचे आमंत्रण जाते, मयताला खांदा दिला जातो, गावात कुणी विचारले तर 'आमचे काही नाही' असे उत्तर मिळते. तरी रात्री-अपरात्री आईला इस्पितळात न्यायची वेळ आली तर पत्र्यापलीकडे हाक मारली जात नाही.

वाकड्या जुळलेल्या हाडाचे काय करतात, ते संत इग्नेशियस लोयोला यांच्या चरित्रात आहे. १५२१ साली मे महिन्यात पाम्प्लोना येथील लढाईत तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. हाड बसवले गेले, पण लोयोलाच्या वाड्यात पोहोचेपर्यंत ते जागचे सरकलेले होते. वैद्यांनी ते पुन्हा मोडून बसवायचे ठरवले. भूल देण्याची सोय त्या काळी नव्हती. मुठी घट्ट आवळण्यापलीकडे त्यांनी वेदनेची खूण दाखवली नाही. नंतर गुडघ्याखाली हाडाचा एक तुकडा वर आलेला राहिला. दरबारी फॅशनचा घट्ट बूट चढणार नाही म्हणून त्यांनी तोही कापून घेतला. तेव्हा ते संत नव्हते, हे विसरू नये. पण अंथरुणावर पडल्यापडल्या वाचायला हव्या होत्या शूरवीरांच्या कादंबऱ्या आणि घरात मिळाली ती ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे. तिथून त्यांचे जीवन बदलले. त्यांचा तो पाय मात्र आखूडच राहिला.

पुन्हा मोडून घेणे, म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या त्या सहीचे नाव समोरासमोर बसून काढणे. 'झाले गेले विसरून जाऊ' या वाक्याने टोके जुळत नाहीत. जमीन खरोखरच दुसऱ्याची घेतली असेल, तर ती परत करण्याविषयी बोलावे लागेल; पापक्षमा मिळाली म्हणून बांध आपोआप मागे सरकत नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच तू विसर, तू मोठा हो, असे सांगत राहणे हाही एक अन्यायच आहे. आपल्या बैठकांत हे फार वेळा घडते.

आजच्या शुभवर्तमानातही कामाची अशी वाटणी आहे. लाझरसला जिवंत करणारा प्रभू आहे. तरी थडग्यावरचा दगड तो लोकांना सारायला सांगतो, आणि लाझरस बाहेर आल्यावर त्याच्या अंगावरच्या पट्ट्या सोडायलाही लोकांनाच सांगतो. दगड काढल्यास दुर्गंधी येईल अशी भीती मार्था बोलून दाखवते. तिची भीती खरी होती. चार दिवस झाले होते. आपल्याकडे चार वर्षे, चौदा वर्षे झालेली आहेत.

यहेज्केलचा अध्याय शेवटपर्यंत वाचा असे म्हटले, ते यासाठी. हाडांच्या दृष्टान्तानंतर लगेच, १५ व्या वचनापासून, देव त्याला दोन काठ्या घ्यायला सांगतो. एकीवर यहूदाचे नाव लिहायचे, दुसरीवर योसेफाचे, आणि दोन्ही एका हातात एकत्र धरायच्या. यहूदा आणि योसेफ हे भाऊ. योसेफाला विकून टाकण्याची कल्पना यहूदाचीच होती (उत्पत्ती ३७:२६-२७). त्याच योसेफाने पुढे भावांना क्षमा केली आणि मरताना एक शपथ घ्यायला लावली: तुम्ही मिसर सोडाल तेव्हा माझी हाडे येथून घेऊन जा. मोशेने ती नेली. ज्यांनी विकले त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी ती हाडे ४० वर्षे रानातून सोबत वागवली आणि शखेम येथे, याकोबाने १०० नाणी देऊन विकत घेतलेल्या जमिनीत पुरली (यहोशवा २४:३२). वडिलांची जमीन होती ती.

पुनरुत्थानाच्या सणाला दोन आठवडे उरले आहेत. येत्या दिवसांत प्रायश्चित्त संस्कारासाठी आम्ही धर्मगुरू देवळात बसणार आहोत. त्याआधी कुणाला भावाच्या किंवा बहिणीच्या दारात जायचे असेल आणि एकट्याने पाऊल उचलत नसेल, तर संध्याकाळच्या मिस्सानंतर आम्हांला सांगा. आम्ही सोबत येऊ. कागदपत्रे असतील तर तीही बरोबर घ्या.