रिकाम्या गाडीचा आवाज

माणूस दोष शोधायला निघतो तेव्हा तो कारण शोधत असतो की गुन्हेगार? वरवर पाहता दोन्ही एकच वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते. दोन्हींत किती अंतर आहे हे आम्हाला एखाद्या ग्रंथातून कळले नाही. ते कळले भद्रावतीच्या हमरस्त्यावरील एका गॅरेजात, जॅकवर उचललेल्या आमच्याच पिकअपखाली वाकून पाहताना. आणि कळले तेव्हा एका गरीब पोराचे नुकसान करून झाले होते.

आम्ही तिघे भाऊ. अब्बांनी घेतलेली एक जुनी पिकअप हीच घरची रोजी. चंदनखेड्याकडून धान आणायचे, कोणाच्या विटा, कोणाच्या घराचे सामान, लग्नसराईत मंडपाचे बांबू. भद्रावतीचा रस्ता कसा आहे हे इकडच्या माणसाला सांगायला नको. एका बाजूला माजरीच्या कोळशाचे ट्रक, दुसऱ्या बाजूला नागपूर-चंद्रपूरची वाहतूक, आणि हमरस्ता सोडला की जंगलाकडे जाणाऱ्या खाचखळग्यांच्या वाटा. या वाटांचे निमित्त करून दोन वर्षांपूर्वी आम्ही गाडीत फेरफार केले. समोरच्या कमानीत एकेक जादा पाटा घातला, लांब शॅकल बसवून गाडीचे नाक वर उचलले, रुंद टायर घातले. वाटा खराब होत्या हे खरे. पण गाडी उंच दिसावी, चौकात रुबाब पडावा, हेही तितकेच खरे. हे दुसरे कारण तेव्हा आम्ही एकमेकांजवळसुद्धा बोललो नाही.

काही महिन्यांनी समोरून आवाज यायला लागला. खड्डा आला की 'खट्ट'. जणू कोणी खालून हातोडा मारतो आहे.

गाडी चालवायला एक मुलगा होता. चंदनखेड्याच्या पलीकडच्या एका खेड्यातला, गोंड घरातला, विशी ओलांडलेला. आवाजाविषयी त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, गाडी रिकामी रायली का वाजते. भरली का नाही वाजत."

आम्ही हसलो. वजन पडले की गाडी वाजते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. हा तर उलटेच सांगतो! आमच्यातला मधला भाऊ म्हणाला, "कुठेतरी जोरात आदळली असेल, म्हणून काहीबाही सांगतो." झाले. वाक्य बोलले गेले आणि तेच आमचे निदान ठरले.

मग खर्च सुरू झाला. शॅकलचे बुश बदलले. टाय रॉडचे एंड बदलले. समोरचे दोन्ही शॉकअप बदलले, आवाज राहिला म्हणून पुन्हा बदलले. प्रत्येक वेळी चार दिवस बरे वाटायचे आणि पाचव्या दिवशी पुन्हा 'खट्ट'. दर नव्या बिलाबरोबर त्या मुलाविषयीचा आमचा राग वाढत गेला. शेवटी आम्ही त्याच्या पगारातून तीन महिने हजार-हजार रुपये कापले. तो काही बोलला नाही. तिसऱ्या महिन्याचा पगार घेऊन गेला, तो परत आला नाही. आम्ही चहाच्या टपरीवर चार गाडीमालकांत सांगून मोकळे झालो, की पोरगा गाडी आपटतो, जपून राहा.

दुसरा ड्रायव्हर आला. आवाज तसाच. इथे तरी आम्हाला शंका यायला हवी होती. पण आम्ही म्हणालो, "पहिल्याने आतून काहीतरी मोडून ठेवले आहे." वाईट संशयाची ही खूण नीट पाहून ठेवण्यासारखी आहे. आवाज आला तरी तो खरा ठरतो, थांबला तरी तो खरा ठरतो. मुलगा गप्प बसला तर अपराधी म्हणून गप्प, आणि बोलला असता तर उद्धट. ज्या संशयाला खोटे ठरायला जागाच ठेवलेली नाही, तो संशय राहिलेला नसतो. त्याचा निकाल झालेला असतो.

अखेर एका जुन्या उस्तादांकडे गाडी नेली. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारले, "आवाज कधी येतो?" आम्ही म्हणालो, "समोरून येतो." ते म्हणाले, "कुठून ते मी पाहीन. तुम्ही कधी ते सांगा. वळताना? ब्रेक मारताना? चढताना की उतरताना? रिकामी असताना की भरलेली?" इतके पैसे घालवून आमच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे नव्हती. नव्या ड्रायव्हरला बोलावले. तो म्हणाला, "ब्रेकरवर चढताना नाही, चाक खाली पडतं तेव्हा येतो. आन् रिकाम्या गाडीले जास्त." आमची मान तिथेच खाली गेली.

उस्तादांनी पुढचे चाक उचलून वर-खाली हात धरून हलवले. खेळ असेल तर चाकाचे बेअरिंग किंवा किंग पिन झिजलेली. मग एकाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवायचे. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर पिन. दोन्हींत काही नव्हते. मग डाव्या-उजव्या बाजूने चाक धरून हलवले, म्हणजे स्टीअरिंगचे सांधे कळतात. तेही ठीक. यू बोल्ट पाहिले. ढिल्या बोल्टाभोवती गंजाची तांबूस भुकटी साचते, घासणाऱ्या लोखंडावर चकाकी येते. तीही नव्हती. मग त्यांनी चेसीस जॅकवर घेऊन चाके लटकू दिली, एक्सलखाली दुसरा जॅक धरला, शॉकअपची खालची पिन काढली आणि तो जॅक हळूहळू सोडला. एक्सल आणखी दोन बोटे खाली आला.

"देखो," ते म्हणाले, "कमान अजून उघडायची होती. शॉकअप संपला होता."

अर्थ सोपा होता. आम्ही गाडी उंच केली, पण शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवले. रिकामी गाडी आधीच उंच उभी, म्हणजे शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला. चाक खड्ड्यात पडले की तो टोकाला जाऊन आदळे: 'खट्ट'. माल भरला की गाडी बसे, शॉकअपला थोडी जागा मिळे आणि आवाज थांबे. आम्ही दोनदा नवे शॉकअप घातले, दोन्ही वेळा त्याच मापाचे. रोग तोच, औषधही रोगाच्याच मापाचे. खातरजमा म्हणून उस्तादांनी शॉकअप सोडलेली गाडी गॅरेजच्या गल्लीत सावकाश फिरवली. आवाज नाही. शॉकअप जोडला. आवाज हजर.

म्हणजे त्या मुलाने पहिल्याच दिवशी एका वाक्यात पूर्ण निदान सांगितले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संशय घेतलाच नाही तर जगाचा व्यवहार चालेल का? चालणार नाही. उस्तादांनीही संशय घेतलाच: आधी बेअरिंगवर, मग पिनवर, मग बोल्टवर. पण त्यांचा प्रत्येक संशय हरायला तयार होता. ते एका वेळी एकच गोष्ट सोडवत, एकच गोष्ट जोडत आणि लोखंड काय म्हणते ते ऐकत. आम्ही एका फेरीत तीन-तीन भाग बदलले, त्यामुळे कशाने काय झाले हे कधीच कळले नाही. आमच्या भद्रावतीत ग्रामोदय संघामुळे मातीकामाची जुनी ओळख आहे. मडके घेणारी बाई ते बोटाने वाजवून घेते. खणखणीत वाजले तर घेते, बद्द वाजले तर ठेवते. पण वाजवण्यापूर्वीच ती कुंभाराला चोर म्हणत नाही.

सन १२०६ मध्ये यंत्रांवरचा आपला मोठा ग्रंथ पूर्ण करणारा अल-जझरी दियारबकरच्या दरबारी कारागीर होता. पूर्वीच्या विद्वानांविषयी आदर ठेवूनही त्याने ग्रंथाच्या सुरुवातीला बजावले आहे, की जी विद्या प्रत्यक्ष करून पडताळलेली नाही, ती खऱ्या-खोट्याच्या मध्ये लोंबकळत राहते. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराचे आणि आमच्या गल्लीतल्या उस्तादांचे घराणे एकच आहे. गाडी दुरुस्ती हा आपल्या समाजाचा मोठा आधार आहे. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही मुसलमान कामकऱ्यांच्या व्यवसायांत वाहन दुरुस्तीचा उल्लेख आहे. पण काळ्या हातांच्या या कामात सत्य शोधण्याची एक शिस्त आहे, तिच्याकडे आपण इल्म म्हणून क्वचितच पाहतो.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. आम्ही त्या मुलाचे वाक्य का ऐकले नाही? ते चुकीचे होते म्हणून नाही. तपासलेच नव्हते, तर चूक कसे ठरणार? ऐकले नाही, कारण बोलणारा पगारी होता, खेड्यातला होता, त्याची बोली वेगळी होती. तेच वाक्य उस्तादांनी उच्चारले असते तर आम्ही मान डोलावली असती. म्हणजे आम्ही वाक्याचे वजन केले नाही, माणसाचे केले. आणि ते मापही खोटे होते.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एक क्रम आहे. कोणाची थट्टा करू नका, नावे ठेवू नका. मग संशयापासून दूर राहा. मग पाळत ठेवू नका. मग पाठीमागे निंदा करू नका. लहानपणापासून ऐकलेल्या या आज्ञा आम्हाला सुट्या-सुट्या वाटत. आता ती एक उतरंड दिसते. आम्ही आधी त्या मुलाच्या बोलण्याला हसलो. मग संशय घेतला. मग गुपचूप त्याच्या फेऱ्या आणि डिझेल मोजू लागलो. शेवटी टपरीवर त्याची निंदा केली. एकही पायरी चुकवली नाही.

आणि हे कोणी केले? आम्ही! ज्यांनी भाड्याची खोली पाहायला गेल्यावर नाव सांगताच घरमालकाचा चेहरा बदललेला पाहिला आहे. कुठे दूरच्या शहरात काही घडले की ज्यांच्या पोरांकडे बसमध्ये लोक दुसऱ्यांदा वळून पाहतात. संशय अंगावर कसा बसतो हे आम्हाला ठाऊक होते. ज्याला चटका बसला आहे तो दुसऱ्याला चटका देणार नाही, असे आम्ही मानून चाललो होतो. तसे होत नाही. सोसलेला अन्याय माणसाला आपोआप न्यायी करत नाही; त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात.

तिसरी गोष्ट जबाबदारीची. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते, की नोंदणीतला तपशील आणि कारखान्याचा मूळ तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचले. आमचा फेरफार त्यात किती बसतो हा वाद वकिलांनी घालावा. आम्हाला त्यामागचा साधा विचार पुरे आहे. गाडीत कोणताच भाग एकटा नसतो. पाट्याची उंची शॉकअपच्या लांबीला बांधलेली, शॉकअप एक्सलला, एक्सल चाकाला, आणि चाक ते चालवणाऱ्या माणसाच्या जिवाला. एक गोष्ट आपल्या हौसेने बदलली की तिच्याशी बांधलेल्या सगळ्यांचे ओझे आपल्या मानेवर येते. आम्ही हौस आपल्याकडे ठेवली आणि ओझे ड्रायव्हरकडे दिले.

जादा पाटे काढले, जुने शॅकल बसवले. गाडी पुन्हा पहिल्यासारखी ठेंगणी झाली आणि गप्प झाली. दुरुस्ती संपली, असे मधला भाऊ म्हणाला. "तीन हजार कोणाच्या तरी हाती पाठवून देऊ. आता त्याच्या दारात जाऊन मालकाने मान खाली घालायची का?" त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. धंद्यात इज्जत लागते. उद्या कोणताही ड्रायव्हर हिशेब मागेल. पण अब्बा नेहमी म्हणत ते मोठ्या भावाला आठवले: नमाज-रोजा चुकला तर अल्लाहची माफी अल्लाहकडे मागता येते, बंद्याचा हक्क मारला तर त्या बंद्याकडेच जावे लागते. हुकूकुल इबादचा हिशेब मनीऑर्डरने मिटत नाही.

आम्ही तिघेही गेलो. मुलगा कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर कामाला लागला होता. आम्ही पैसे पुढे केले, चूक सांगितली. त्याने पहिला प्रश्न विचारला, "मंग आवाज कायचा होता?" शॉकअपची गोष्ट सांगितली. तो लक्ष देऊन ऐकत राहिला. मग इतकेच म्हणाला, "मी तं सांगतलं होतं."

त्याने पैसे मोजून घेतले. आम्ही माफी मागितली तेव्हा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पैशाचं ठीक आहे भाऊ. पण टपरीवर जे बोलले, ते टपरीवरच सांगा. मले तिकडे कोणी गाडी देत नाही."

आम्ही दोषाची दुरुस्ती गाडीत केली होती, घरात केली होती, त्याच्या अंगणातही केली होती. जिथे मोडतोड झाली होती ती जागा राहूनच गेली होती.

खरे सांगायचे तर त्यानंतरही आठ दिवस गेले. रोज टपरीवर जायचो, चहा प्यायचो, शब्द ओठांपर्यंत येत आणि परत जात. निंदा करताना एक दिवसही लागला नव्हता. नवव्या दिवशी थोरल्या भावाने त्याच चार मालकांसमोर सांगितले, की पोराची चूक नव्हती, फेरफार आमचा होता, आणि त्याने पहिल्याच दिवशी बरोबर सांगितले होते. एक जण हसला. एकाने विषय बदलला. तिसऱ्याने त्या मुलाचे गाव विचारून घेतले.

गाडी आता रिकामी असली तरी वाजत नाही. कधी काही वाजलेच तर आम्ही आधी चालवणाऱ्याला विचारतो, कधी वाजते. आणि तो सांगेल ते पूर्ण होईपर्यंत हसत नाही.