वरच्या मजल्यावरचा शेजारी

बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, जेथे जेथे आपल्या मंडळ्या आहेत तेथील पुष्कळ मुलेमुली आज जीवशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र शिकत आहेत. कोणी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधनही करीत आहे. ही मुले सुट्टीत घरी आली म्हणजे त्यांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. प्रयोग राहतो बाजूला आणि नियमच फार! आत जाताना सही, बाहेर येताना सही, कोणती कुपी कोठे ठेवली त्याची नोंद, समितीची परवानगी, पुन्हा वर्षाकाठी तपासणी. "आम्ही काय बेजबाबदार आहोत?" असे ती विचारतात.

हा प्रश्न हसून सोडून देण्याजोगा नाही असे आम्हांला वाटते. जो माणूस मनाने सावध आहे, ज्याची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे, त्याच्या डोक्यावर नियमांचे ओझे कशाला? नियम हा बेफिकीर माणसासाठी असतो, सज्जनाला त्याची गरज नाही, ही समजूत केवळ विद्यार्थ्यांची नव्हे, आपल्यापैकी बहुतेकांची आहे. म्हणून एका सज्जन माणसाचीच हकीकत येथे पाहू.

देवीचा रोग आता जगात उरलेला नाही. ज्यांच्या आजीआजोबांच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते त्यांनाच त्याची थोडीफार आठवण असेल. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५चा. निसर्गतः देवी आलेला जगातला शेवटचा माणूस ऑक्टोबर १९७७मध्ये सोमालियात सापडला, आणि तो बराही झाला. जगाने सुटकेचा निःश्वास टाकायचा तो या वेळी. परंतु देवीचे विषाणू काही प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत जिवंत होते, आणि त्यांपैकी एक प्रयोगशाळा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत होती.

तिचे प्रमुख प्राध्यापक हेन्री बेडसन. देवीवरच्या संशोधनात त्यांचे नाव मोठे होते. ज्या कामाने हा रोग पृथ्वीवरून गेला त्या कामाला त्यांच्यासारख्यांच्या ज्ञानाचा आधार होता. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर जॅनेट पार्कर नावाची चाळीस वर्षांची बाई वैद्यकीय फोटोग्राफर होती. तिची खोली व डार्करूम प्रयोगशाळेच्या वर. खाली काय चालते याच्याशी तिचा संबंध नव्हता. १९६६ नंतर तिने देवीची लसही टोचून घेतलेली नव्हती. ११ ऑगस्ट १९७८ रोजी ती आजारी पडली. अंगावर फोड उठले. डॉक्टरांना प्रथम ती कांजिण्या वाटली. २४ तारखेला तिला रुग्णालयात नेले तेव्हा खरा रोग ओळखला गेला, आणि तिच्या फोडांतला विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली ज्यांनी पाहिला ते स्वतः बेडसनच होते. त्या क्षणी त्यांना काय वाटले असेल!

सुमारे पाचशे लोकांना घरांत अलग ठेवावे लागले. जॅनेटचे वृद्ध वडील अलगीकरणात असतानाच ५ सप्टेंबरला वारले. बहुधा हृदय बंद पडून. संसर्गाच्या भयाने त्यांची उत्तरीय तपासणीही झाली नाही. तिच्या आईला सौम्य देवी आल्या, ती वाचली. ६ सप्टेंबरला बेडसन यांनी आपल्या घरी स्वतःला इजा करून घेतली व दुसऱ्या दिवशी त्यांचा अंत झाला. ११ सप्टेंबरला जॅनेट गेली. देवीने मरण पावलेली जगातली ती शेवटची व्यक्ती.

विषाणू वर कसा गेला? प्राध्यापक शूटर यांच्या चौकशी समितीने तीन वाटा शक्य मानल्या: हवेतून, माणसाच्या संपर्काने, किंवा एखाद्या दूषित वस्तूवरून. त्यांतल्या त्यांत हवा वाहून नेणाऱ्या नळीकडे तिचा कल होता. विद्यापीठावर खटला झाला. नळीतून संसर्ग गेला हे बचाव पक्षाने मान्य केले नाही, ते सिद्धही होऊ शकले नाही, आणि १९७९ साली न्यायालयाने विद्यापीठाला निर्दोष ठरवले. १९८१ साली जॅनेटच्या पतीला पंचवीस हजार पौंड भरपाई मिळाली. वाट कोणती, हे आजही निश्चित झालेले नाही.

कायद्याला वाट लागते, ती न सापडली तर आरोपी सुटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु नीतीचा प्रश्न त्या नळीपाशी थांबतो काय? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याभोवती कठडा करण्याची आज्ञा आहे, नाहीतर कोणी पडून मेल्यास घरावर रक्तपाताचा दोष येईल. संडेस्कूलमध्ये हे वचन आपण सहसा शिकवीत नाही, दहा आज्ञांपुढे ते किरकोळ वाटते. पण त्यात काय नाही ते पाहावे. धाब्यावर कोण चढेल, तो कोणत्या बाजूने पडेल, त्याचा पाय घसरला की त्याला कोणी ढकलले, यांपैकी काहीही त्यात विचारलेले नाही. कोणी पडण्यापूर्वीच घरधनी बांधला गेला आहे. घरधन्याला स्वतःच्या धाब्याचा अंदाज असतो, तो अंधारातही नीट चालेल. कठडा दुसऱ्यासाठी आहे.

आता बेडसन यांच्याकडे पुन्हा वळू. ते बेफिकीर नव्हते, दुष्ट तर मुळीच नव्हते. मग उणे कोठे पडले? देवीचा विषाणू थोड्याच प्रयोगशाळांत राहावा असे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवले होते. बर्मिंगहॅमची प्रयोगशाळा तिच्या मान्य केंद्रांत घ्यावी ही त्यांची विनंती नामंजूर झाली होती, आणि नामंजुरीच्या कारणांत सुरक्षिततेची काळजीही होती. मे १९७८मध्ये संघटनेच्या तपासनिसांनी सोयी सुधारण्यास सांगितले. वर्षअखेर काम बंदच होणार, मग आता खर्च कशाला, असा विचार झाला. काम उत्तरोत्तर कमी होत आहे असे बेडसन यांनी संघटनेला कळवले होते. प्रत्यक्षात, प्रयोगशाळा बंद होण्याआधी संशोधन पुरे व्हावे म्हणून ते बरेच वाढले होते.

आमच्या मते त्या सज्जनाचा घात या घाईने केला. तिच्यात लोभ नव्हता, कीर्तीची हावही फारशी नसावी. हाती घेतलेले चांगले काम अपुरे राहू नये एवढीच तळमळ होती. चांगल्या हेतूची माणसे हेतूच्या बळावर स्वतःला सूट देतात, आणि ती सूट त्यांना पापासारखी दिसत नाही. मंडळीच्या इमारतनिधीचा हिशेब ज्यांनी कधी पाहिला असेल त्यांना हे अधिक सांगायला नको. म्हणूनच आपल्या विद्यार्थ्यांना आमचे उत्तर असे की नियमाची गरज सज्जनालाच अधिक पडते, कारण स्वतःच्या सज्जनपणावर त्याचा विश्वास फार असतो.

परंतु सारा भार त्या एका माणसावर टाकून विद्यापीठाने हात धुवावेत हेही आम्हांला पटत नाही. १९६६ साली त्याच वैद्यकीय शाळेत काम करणाऱ्या दुसऱ्या एका फोटोग्राफरला सौम्य प्रकारची देवी झाली होती आणि त्या साथीत सत्तरहून अधिक लोक आजारी पडले. त्याचा धागा प्रयोगशाळेपर्यंत कोणी वेळीच नेला नाही. बारा वर्षांनी पुन्हा फोटोग्राफरच! इशारा मिळूनही मारका बैल मोकळा सोडणाऱ्या मालकाला निर्गमाच्या पुस्तकात वेगळा न्याय आहे. जागा देणारे, पगार देणारे, परवानगीच्या कागदावर सही करणारे, हे सर्व मालकच होत.

आपल्याकडे हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपाने येतो. भारतात १९८९च्या नियमांप्रमाणे जनुकीय फेरफार केलेल्या जीवांवर काम करणाऱ्या संस्थेला जैवसुरक्षा समिती नेमावी लागते. तिच्यात संस्थेचा प्रमुख, शास्त्रज्ञ, एक वैद्यकीय जाणकार आणि सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी असतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तर २०१२ पासून सर्वांत वरच्या, म्हणजे चौथ्या श्रेणीची प्रयोगशाळा आहे. तेथील बंदोबस्त साध्या महाविद्यालयात नसतो, तशी गरजही नसते. साध्या प्रयोगशाळेत मुख्य आधार दोन. एक, सुरक्षा कपाट, ज्याच्या तोंडाशी हवेचा पडदा असतो. समोरच्या जाळीवर वही ठेवली किंवा हात घाईने आतबाहेर केले तरी तो पडदा फाटतो. दुसरा आधार ऑटोक्लेव्ह, म्हणजे एक मोठा प्रेशर कुकरच. त्यात १२१ अंशांच्या वाफेने जंतू मारतात. पिशवीवरच्या पट्टीचा रंग बदलला की विद्यार्थी निश्चिंत होतो. पण ती पट्टी उष्णता लागली एवढेच सांगते. आतले सर्व मेले की नाही हे कळण्यासाठी चिवट बीजाणूंची एक कुपी अधूनमधून आत ठेवून, ती नंतर उबवून पाहावी लागते. त्यात काही वाढले नाही तरच यंत्रावर भरवसा.

ही कुपी ठेवायला कोणाला वेळ नसतो. आणि ती पिशवी उचलतो कोण? सफाई कामगार. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत सूक्ष्मजीवांचा कचरा जागेवरच निर्जंतुक करून मग बाहेर द्यावा असे आहे ते याच्यासाठी. आपल्या शहरांत जॅनेट पार्कर वरच्या मजल्यावर बसत नाही, ती पहाटे झाडू व बादली घेऊन येते. पिशवीत काय आहे हे तिला कोणी सांगत नाही, विचारायचा हक्क आहे हे तिला ठाऊक नसते, आणि पुष्कळदा ती ठेकेदाराची असल्याने संस्थेच्या नोंदवहीतही तिचे नाव नसते. आपल्या मंडळ्यांत अशी कामे करणाऱ्यांची घरे आहेत, हे विसरून चालणार नाही.

कोणी म्हणेल, "धोका आहे तो मी माझ्या अंगावर घेतो." पण स्वतःचे अंग तरी आपल्याला पुरते कळते का? २००९ साली शिकागो विद्यापीठातील एक प्राध्यापक प्लेगच्या दुबळ्या केलेल्या जंतूवर काम करीत असता त्याच जंतूने मरण पावले. लोह मिळवता येऊ नये अशा रीतीने तो जंतू दुबळा केलेला होता. प्राध्यापकांच्या रक्तात एका आनुवंशिक विकाराने लोह वाजवीपेक्षा जास्त होते, आणि तो विकार त्यांना असल्याचे निदानच झालेले नव्हते.

चूक झाल्यावर काय, हाही नीतीचाच प्रश्न. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २००६ साली एका कर्मचारी स्त्रीला जंतूंचे फवारे सोडण्याची पेटी साफ करताना ब्रुसेलाचा संसर्ग झाला. कायद्याने ताबडतोब कळवणे भाग होते. विद्यापीठाने ते एक वर्षाहून अधिक काळ कळवले नाही. २००७ साली बाहेरच्यांनी कागदपत्रे मागितली तेव्हा हे उघडे झाले, संशोधन थांबवले गेले आणि २००८ साली दहा लाख डॉलर भरावे लागले. दंड मोठा असला की माणसे लपवतात, असा एक युक्तिवाद येथे करतात. त्यात तथ्य आहे. जी संस्था चूक सांगणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रबंध अडवते ती त्याला गप्प बसायला शिकवते. म्हणून सांगणाऱ्याला अभय आणि लपवणाऱ्याला शिक्षा असा भेद हवा. पण दंडाच्या भयाने गप्प बसणारे हे विसरतात की त्या स्त्रीला योग्य औषध मिळण्यासाठीही डॉक्टरांना खरे कारण कळणे जरूर होते.

राहता राहिल्या त्या नोंदवह्या, ज्यांचा विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक कंटाळा. जुलै २०१४मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथे एका प्रयोगशाळेचे सामान हलवताना शीतखोलीत पुठ्ठ्याचे एक जुने खोके सापडले. त्यात १९५०च्या दशकातल्या देवीच्या सहा कुप्या होत्या. ठेवणाऱ्याने त्या कोणत्याही यादीत लिहिलेल्या नव्हत्या. साठ वर्षे लोक त्या खोलीत ये-जा करीत होते. तपासणीत दोन कुप्यांतला विषाणू जिवंत निघाला.