राजाचा शब्द, रयतेचे मीठ

१९ सप्टेंबर १३५६ला पॉइतिएची लढाई संपत आली तेव्हा फ्रान्सच्या राजाभोवती झुंबड उडाली. दुसऱ्या जॉनला मारायला कोणीच धावत नव्हते. ‘मी धरला, मी धरला’ म्हणत इंग्रजांच्या बाजूचे नाइट एकमेकांना रेटत होते, कारण राजा ज्याच्या नावावर लागेल त्याच्या सात पिढ्यांची ददात खंडणीने मिटणार होती. त्या रात्री इंग्लंडच्या युवराज एडवर्डने कैदी राजाला मेजवानी दिली, त्याच्या पंगतीला बसायची आपली योग्यता नाही म्हणाला आणि स्वतः वाढायला उभा राहिला. बखरकार फ्रॉइसार्ट हे अगदी भारावून सांगतो.

वर्षभर आधी याच युवराजाने बोर्दोपासून नार्बोनपर्यंत गावेच्या गावे जाळली होती. गरिबांची गुरे लुटू नयेत, असे चर्चने ९८९ पासून बजावले होते खरे. पण शेतकऱ्याला धरून खंडणी किती मिळणार?

१३५८मध्ये पॅरिसच्या आसपासचे शेतकरी उठले. मो गावच्या तटबंदीत उमराव घराण्यांतल्या स्त्रिया अडकल्या, त्यांत फ्रेंच युवराजाची पत्नीही होती. त्यांच्या मदतीला दोन सरदार धावले. त्यांतला एक, जाँ द ग्रेयी, पॉइतिएत फ्रेंचांच्याच विरुद्ध लढला होता. नाइटांचे स्त्रीरक्षणाचे ब्रीद त्यांनी शब्दशः पाळले; मग उठाववाल्यांची कत्तल करून गाव पेटवून दिले. तिथे कोणी कोणाला कैद करून जेवू घातले नाही.

नाइटांच्या या वागण्याला ढोंग म्हणून मोकळे होता येते. मला ते पटत नाही. आपल्या वर्तुळात ही माणसे शब्दाला खरोखर जागत. १३६०च्या तहात ३० लाख सोन्याच्या नाण्यांची खंडणी कबूल करून जॉन सुटला. ओलीस ठेवलेला मुलगा पळून आला, तेव्हा सल्लागारांचा विरोध डावलून बाप १३६४मध्ये आपणहून लंडनला कैदेत परतला आणि तिथेच वारला. (लंडनची मौज त्याला खुणावत होती, अशी कुजबुजही झाली; राजे लोकांच्या त्यागाला ती चिकटतेच.)

हा शब्द पाळायचा खर्च मात्र दारूवर आणि मिठावर कर बसवून रयतेकडून वसूल झाला. खंडणी पुरती कधीच फिटली नाही. मिठावरचा कर रद्द व्हायला १७९० उजाडले.