रांगता देव, सरकतं मूल

श्रावण संपत आला की जबलपुरात, कांचघर-घमापूरच्या वस्तीत काय किंवा शहराच्या मोठ्या बाजारात काय, लड्डू गोपाळाच्या पोशाखांची गर्दी होते. मूर्तीच्या मापाला नंबर असतात आणि घरची बाई नंबर सांगूनच पोशाख मागते. भोसल्यांच्या अमलात, 1798 नंतर, आणि पुढे रेल्वे व 1904 सालच्या तोफगाडी कारखान्याच्या काळात इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांतही देव्हाऱ्यात हा बाळकृष्ण असतोच: एक गुडघा आणि एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा. तो कधी उभा राहणार, असं कोणी विचारत नाही. आहे त्या रूपाला बसेल असंच वस्त्र त्याच्यासाठी शिवलं जातं. त्याच घरात दीड वर्षाचं मूल अजून बुडावर बसून, एका हाताने जोर देत पुढे सरकत असेल, तर त्याला मात्र चालत्या मुलाचे कपडे चढवले जातात, आणि ते घसरले, अडकले, फाटले की दोष मुलाला लागतो. या विसंगतीत मला एक धार्मिक प्रश्न दिसतो. प्रेम आहे त्या रूपावर करायचं, की होऊ घातलेल्या रूपावर?

वल्लभाचार्यांच्या पुष्टिमार्गाने याचं उत्तर नुसतं सांगितलं नाही, रोजच्या कामात बसवलं. आठ प्रहरांच्या दर्शनांत देवाला उठवणं, शृंगार करणं, जेवू घालणं, निजवणं हा क्रम. उन्हाळ्यात झिरझिरीत वस्त्र, थंडीत रुईभरला अंगरखा. हा भाव जबलपूरला परका नाही. वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ यांना सोळाव्या शतकात राणी दुर्गावतीने गढ्यात मान दिला, आणि गढा आज याच शहराचा एक भाग आहे. या सेवेचं मर्म वैभवात नाही. आज हवा कशी आहे, देवाला या घटकेला काय लागेल, हे बघण्यात ते आहे. वात्सल्यभाव त्यालाच म्हणतात. उद्या हा मोठा होऊन कंसाला मारणार आहे, हे यशोदेला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असतं तरी आजचं झबलं त्यासाठी शिवून भागलं नसतं. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण आणि बलराम गोकुळात हातांनी-गुडघ्यांनी रांगतात, चिखलाने माखतात, त्याचं वर्णन रस घेऊन केलेलं आहे. पुढे काय होणार याची घाई त्या वर्णनात नाही.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. देव लीलेने रांगतो, मूल नाइलाजाने सरकतं. शिवाय पितळेची मूर्ती वाढत नाही, मुलाने वाढायलाच हवं. आक्षेपाचा दुसरा भाग मला मान्य आहे, आणि तो पोशाखातही दिसतो. गोपाळाचा पोशाख म्हणजे मोठा गोल घेर. त्याने गुडघे झाकले जातात आणि वस्त्र देवाभोवती फुलासारखं पसरतं. मूर्ती जागची हलत नाही, म्हणूनच हे चालतं. हेच वस्त्र सरकणाऱ्या मुलाला घातलं तर पहिल्याच ढकलीला घेर मांडीखाली जाईल आणि मूल स्वतःच्या कपड्यावर बसून अडकेल. म्हणजे मूर्तीचं वस्त्र दर्शनासाठी आणि मुलाचं हालचालीसाठी, हा फरक खराच. पण सेवेतून आपण घेर आणि जरी घ्यायची नसते, नजर घ्यायची असते. ती नजर घेतली की कळतं, बुडावर सरकणाऱ्या मुलाचा पायजमा मागच्या मागे खाली ओढला जातो, कारण कापड फरशीला घासत राहतं. म्हणून कमरेचं इलास्टिक मऊ पण पक्कं हवं, नाहीतर खांद्यावरून पट्टे असलेली डांगरी बरी. झीज गुडघ्यावर नसते. ती बुडाशी आणि ज्या पायाची घडी घातली जाते त्याच्या बाहेरच्या घोट्याशी असते, म्हणून सुती कापडाचा दुसरा थर तिथे हवा. गुळगुळीत नायलॉन फार घसरतं. मोजे निघून जातात, आणि पकड तर उघड्या तळव्यालाच मिळते. जानेवारीत फरशी गारठलेली असते तेव्हा सतरंजी अंथरावी, मुलाला तीन पायजम्यांत गुंडाळू नये.

लीलेबद्दलचा पहिला भाग मात्र मला तितकासा पटत नाही. सरकणं हा नाइलाज आहे असं आपण फार लवकर ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या 816 मुलांच्या वाढीची नोंद ठेवली. तिचे निष्कर्ष 2006 मध्ये आले. त्यांत 4.3 टक्के मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि एकट्याने चालण्याचा काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत पसरलेला होता. सगळी निरोगी मुलं, आणि तरी एवढं अंतर. बुडावर सरकणारी मुलं बरेचदा याहूनही उशिरा चालतात; आई, बाबा किंवा आत्या अशीच सरकायची, असंही पुष्कळदा निघतं. कोपऱ्यातल्या वाटीपर्यंत जायचं ठरवून जे मूल तिथे पोचतं, त्याच्या हालचालीत हेतू आहे, युक्ती आहे, आनंद आहे. लीला म्हणायला आणखी काय लागतं?

घाईबद्दल महाभारताच्या आदिपर्वात एक कठोर कथा आहे. कद्रूच्या अंड्यांतून तिचे हजार पुत्र बाहेर आले, विनतेची दोन अंडी तशीच राहिली. सवतीची मुलं बघून तिला राहवेना आणि तिने एक अंडं फोडलं. आत अरुण होता, वरचा अर्धा देह घडलेला, खालचा न घडलेला. त्याने आईला दासीपणाचा शाप दिला आणि दुसऱ्या अंड्याची वाट बघायला सांगितलं. त्यातून पुढे गरुड आला. या कथेतून आयांना दोष देण्याचा अर्थ कोणी काढला तर तो क्रूर आणि खोटा ठरेल, कारण मूल उशिरा चालतं ते आईच्या चुकीने नव्हे. मला तिच्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: विनतेची घाई अंड्याकडे बघून आलेली नाही, कद्रूच्या अंगणाकडे बघून आली आहे. बैठकीचं चाकांचं वॉकर घरात येतं ते याच नजरेने. (कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवरही बंदी घातली आहे, मुलाने स्वतः उभं राहून ढकलायच्या लाकडी पांगुळगाड्याची गोष्ट वेगळी.) पायाला न बसणारे टणक बूट येतात तेही त्याच नजरेने. आणि अरुणाला त्या देहासह काम मिळालंच, सूर्याच्या सारथ्याचं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘आहे तसं’ म्हणत बसलो तर खरा आजार नजरेतून सुटेल. हे भय पोकळ नाही. आपल्याकडे ‘त्याचा मामाही उशिराच चालला’ म्हणत वर्षं घालवलेली असतात, वर एखादा नवसही बोललेला असतो. पण स्वीकार आणि दुर्लक्ष या दोन गोष्टी एक नव्हेत, उलट त्यांचं वैर आहे. जो माणूस कापड कुठे झिजतं ते बघतो, त्यालाच आधी दिसतं की मूल कायम एकाच हाताने ढकलतं, एक पाय नुसता ओढला जातो, किंवा अंग फार सैल आहे. असं काही दिसलं तर लगेच, आणि काहीच दिसलं नाही तरी अठरा महिन्यांनंतर मूल चालत नसेल तर बालरोगतज्ज्ञाकडे जावं. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ही तपासणी मोफत होते. चालत्या मुलाच्या कपड्यांत कोंबलेलं मूल नीट हलतच नाही. मग त्याची हालचाल तपासणार कशी?

एवढ्या क्षुल्लक गोष्टीला धर्माची जोड कशाला, असंही कोणी म्हणेल. शिंप्याचं काम शिंप्याकडे राहू द्या. मला वाटतं, जो धर्म देवाच्या पोशाखाचा नंबर लक्षात ठेवायला लावतो, त्याला हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. आणि विचारलं की एक अडचण पुढे येते, जिच्यावर या परंपरेत तयार उत्तर मला सापडत नाही. देव्हाऱ्यात रांगतो तो मुलगा आहे. रांगती राधा बाजारात सहसा दिसत नाही. राधा उभीच असते, पायघोळ घागऱ्यात. सरकणाऱ्या मुलीला सणाला परकर-पोलकं घालायचा आग्रह होतो, घेर तिच्या मांडीखाली अडकतो, ती रडते, आणि ‘मुलीच्या जातीनं असं बसू नये’ हे वाक्य तिच्या कानावर चालायच्याही आधी पडतं. तिच्यासाठी आखूड झगा, खाली बुडाशी दुहेरी कापडाची चड्डी, हे वस्त्र कुठल्याच मूर्तीवरून बेतता येत नाही. ते तिच्याकडे बघूनच बेतावं लागेल.