तुळशीपत्र ठेवल्यावर हिशेब कसला?

वारकरी मायबापहो, हल्ली कीर्तनातून आणि मोबाइलवरून तुळशीचे फायदे फार ऐकू येतात. तुळस रात्रंदिवस प्राणवायू सोडते, माळेने रक्तदाब उतरतो, रोज पाच पाने खाल्ली की वैद्याचे तोंड पाहावे लागत नाही. ऐकणारे माना डोलावतात. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरुण पोरांनी तुळशीला पाणी घालावे, गळ्यात माळ घालावी. पण प्रश्न असा की, तुळस आपल्याला पूज्य आहे ती तिच्या औषधी गुणामुळे काय? आणि देवाच्या वस्तूचा मोठेपणा वाढविण्यासाठी खोटे बोललेले चालते काय?

आधी पूर्वपक्ष नीट ऐकू. तुळशीत औषधी गुण आहेत, हे कोणी नाकारू नये. चरकसंहितेत ती ‘सुरसा’ या नावाने येते. उचकी, खोकला, दमा, बरगडीतली कळ यांवर ती सांगितली आहे. चवीला तिखट-कडू, वीर्याने उष्ण, म्हणून कफ आणि वात शमविणारी. आपल्या आयाबायांनी चरक वाचला नव्हता. तरी पोराला पडसे झाले की त्या पानांचा रस मधात चाटवीत, आणि पावसात भिजून आलेल्या गड्याला आले, मिरी, गूळ घालून काढा देत. पान बोटांत चुरगळले की जो वास येतो, तो पानातल्या तेलाचा. लवंगेत असते तेच युजेनॉल नावाचे द्रव्य त्यात असते. हे सगळे खरे आहे आणि खुशाल सांगावे.

मात्र खऱ्याच्या पाठीला खोटे बांधू नये. उजेडाशिवाय कोणतीच वनस्पती प्राणवायू तयार करीत नाही. रात्री तुळसही आपल्यासारखीच प्राणवायू घेते. यात तिला कसला कमीपणा? खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर काढा उकळीत बसू नये, थुंकी तपासून घ्यावी. तो क्षय असू शकतो. वारीत ताप भरला, तर वाटेवरच्या दवाखान्यात दाखवावे. साखरेच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रोज काढा घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि गोळी बंद करून पानावर तर मुळीच राहू नये. नारदाच्या गादीवरून निघालेला शब्द भाविक वेदवाक्य मानतात. त्या शब्दावर विसंबून एखाद्या माउलीने गोळी सोडली, तर तिच्या जिवाचे पाप कोणाच्या माथी? तुळशीला खोट्या साक्षीदारांची गरज नाही.

आता सिद्धान्त पाहा. आपण म्हणतो, ‘त्याने घरादारावर तुळशीपत्र ठेवले.’ म्हणजे काय केले? ‘माझे’ म्हणणे सोडले. दान देताना वस्तूवर तुळशीपत्र ठेवतात आणि पाणी सोडतात. नैवेद्यावर पान ठेवले की ते अन्न आपले राहत नाही, देवाचे होते. शेवटच्या घटकेला मुखात गंगोदक आणि तुळशीपत्र घालतात, ते दुखणे बरे व्हावे म्हणून नव्हे. मायबापहो, तुळशीपत्र ही सोडून देण्याची खूण आहे. ज्या पानाने मालकी सोडायची, त्याच पानाला ‘तू मला काय देतेस?’ म्हणून विचारायचे, हे जुळत कसे नाही याचा विचार करावा.

विटेवर उभ्या असलेल्या पांडुरंगाला काही खोकला झालेला नाही, तरी आपण त्याच्या गळ्यात तुळशीहार घालतो. तुळाभाराची कथा तुम्हांला ठाऊक आहे. सत्यभामेने पारड्यात सोन्याचे ढीग घातले, पण देव उचलला गेला नाही. रुक्मिणीने एक तुळशीपत्र ठेवले आणि पारडे खाली आले. ते वजन रसाचे नव्हते, भावाचे होते. गीतेच्या नवव्या अध्यायातही देव भक्ताकडून काय घेतो, तर पान, फूल, फळ, पाणी. आणि त्यात पान पहिले. कारण ते कुणालाही परवडते. धनवंताचे पान मोठे आणि मोलकरणीचे लहान, असा भेद तिथे नाही. आळंदीहून पंढरीपर्यंत डोक्यावर वृंदावन घेऊन चालणारी माउली औषधाची कुंडी वाहत नसते.

समजा, उद्या कोणी सिद्ध केले की तुळशीत औषधी गुण काहीच नाही. मग अंगणातले वृंदावन उपटून टाकणार का? आई म्हातारी झाली, तिच्या हातून भाकरी होईना, म्हणून कोणी आईला घराबाहेर काढतो का? फायद्यावर उभी केलेली भक्ती फायदा संपला की पडते. म्हणून पोरांना गुण सांगा, पण भक्तीचा पाया म्हणून सांगू नका.

माळेचेही असेच. तुळशीच्या वाळल्या काष्ठाचे ते मणी. रोग पळविण्याची शक्ती त्यांत शोधू नका. माळ घालताना मद्यमांस सोडल्याचा, एकादशीचा आणि पंढरीच्या वारीचा नेम घेतला जातो. माळकऱ्याची दारू सुटते, घरातली भांडणे थांबतात, लेकरांच्या पोटात वेळेवर अन्न पडते. हे आरोग्य मण्याने दिले नाही, पाळलेल्या नेमाने दिले. आणि ते न मागता आले.

तेव्हा पडसे झाल्यावर काढा जरूर घ्या. मात्र सकाळी वृंदावनापुढे पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहाल, तेव्हा काही मागू नका. पाणी घाला, प्रदक्षिणा घाला आणि कामाला लागा.

रामकृष्णहरी!