बाटलीवरचे नाव

फसवणूक झाल्याचे ज्याला अखेरपर्यंत कळलेच नाही, त्याचे काही नुकसान झाले असे म्हणावे काय? प्रश्न वरवर पाहता तर्कशास्त्राच्या वर्गातला वाटतो. वस्तुतः तो रोजच्या बाजारात आणि रोजच्या व्यवहारात आपल्यासमोर उभा असतो. पाणी घातलेले दूध पिऊन मूल तृप्त झोपले, तर गवळ्याने काय बिघडवले, असा त्याचा साधा अवतार आहे. या प्रश्नाचा विचार करताना आम्ही एका फ्रेंच लाल वाईनची हकिकत आधाराला घेतो आहोत. कारण तिच्यात तो विलक्षण स्वच्छपणे उतरला आहे.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात मोरे-सँ-दनी नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १८७२ पासून पाँसो नावाचे घराणे पिनो न्वार जातीच्या काळ्या द्राक्षांची शेती करते. या प्रांतात शेताला फार महत्त्व. मध्ययुगात सीतोच्या मठातील संन्याशांनी व इतर धर्मसंस्थांनी येथील उतार पिढ्यान्पिढ्या कसले. कोणत्या तुकड्यातील द्राक्ष कसे उतरते हे पारखून त्यांना नावे दिली, काहींना दगडी कुंपणे घातली. फ्रेंच राज्यक्रांतीत या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. पुढे सर्व मुलांना समान वाटा देणाऱ्या वारसा कायद्याने त्यांचे तुकडे झाले. आज एकेका शेताचे अनेक मालक असतात आणि एखाद्याच्या वाट्याला वेलींच्या मोजक्याच ओळी येतात. अशा नावाजलेल्या तुकड्यांपैकी एक म्हणजे क्लो सँ-दनी. त्याचे एकूण क्षेत्र जेमतेम साडेसहा हेक्टर. या भूमीला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तेव्हा येथील बाटलीवरचा कागद केवळ शोभेचा नव्हे. कोणत्या शेतातले, कोणत्या वर्षाचे, कोणत्या घराण्याच्या हातचे, या तीन गोष्टींची ती साक्ष असते.

एप्रिल २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात पाँसो घराण्याच्या नावाच्या काही जुन्या बाटल्या विक्रीस निघाल्या. त्यांत क्लो सँ-दनीच्या १९४५ ते १९७१ या काळातील वर्षे घातलेल्या बाटल्या होत्या. त्या वेळी घराण्याचा कारभार पाहणाऱ्या लोराँ पाँसो यांच्या कानी ही वार्ता गेली. अडचण एकच होती. या घराण्याने क्लो सँ-दनीची वाईन करण्यास प्रारंभ केला तोच मुळी १९८२ मध्ये! पाँसो यांनी विक्री थांबविण्याची मागणी केली, इतकेच नव्हे तर ते स्वतः न्यूयॉर्कला जाऊन लिलावाच्या जागी हजर राहिले. बाटल्या मागे घेण्यात आल्या. त्या विक्रीस ठेवणारा होता रूडी कुर्निआवान हा तरुण संग्राहक. मार्च २०१२ मध्ये त्याला अटक झाली, तेव्हा त्याच्या कॅलिफोर्नियातील घरात रिकाम्या बाटल्या, बुचे, शिक्के आणि छापलेल्या लेबलांचा साठा सापडला. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. त्या खटल्यात पाँसो यांनी साक्ष दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली आणि फसविल्या गेलेल्यांना सुमारे दोन कोटी चौऱ्याऐंशी लक्ष डॉलर भरून देण्याचा आदेश मिळाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याच्या बाटल्या पिऊन कसलेल्या रसिकांनीही प्रशंसा केली होती. मग त्यांनी गमावले काय? जिभेची साक्ष तशी कच्चीच असते. बोर्दो येथे वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पांढऱ्या वाईनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळून ती त्यांच्यापुढे ठेवली, तर त्यांनी तिचे वर्णन लाल वाईनला शोभणाऱ्या शब्दांत केले. जीभच जर डोळ्यांच्या सांगण्यावरून चव ठरवीत असेल, तर खरे आणि खोटे यांत अंतर ते कोणते, असे कोणी विचारील.

आम्हांस वाटते, येथे दोन गोष्टींची गल्लत होते. चव ही एक गोष्ट आणि उगम ही दुसरी. काना गावच्या लग्नाचा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. भोजनप्रमुखाने द्राक्षारस चाखला आणि तो उत्तम असल्याचा योग्य निर्वाळाही दिला. परंतु तो कोठून आला हे त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते, पाणी भरणाऱ्या सेवकांना. योहानाने हा बारकावा मुद्दाम नोंदवून ठेवला आहे. गुण चाखून कळतो. उगम मात्र सांगणाऱ्याच्या शब्दावरूनच कळतो. म्हणूनच खोट्या लेबलाने जीभ दुखावत नाही. मोडतो तो शब्द.

आजीच्या हातची जपमाळ कोणी गुपचूप उचलली आणि तिच्या जागी हुबेहूब तशीच दुसरी ठेवली, असे समजा. मणी तेवढेच, क्रूस तसाच. नात त्याच माळेवर आयुष्यभर प्रार्थना करील आणि तिची प्रार्थना कोठेही उणी पडणार नाही. तरीही तिची चोरी झालेली आहे. तिला कळले नाही म्हणून ती चोरी लहान होत नाही. उलट तक्रार करण्याचा तिचा हक्कही चोराने हिरावून घेतला, असेच म्हणावे लागेल. आपण वस्तूंशी केवळ सुखापुरते बांधलेले नसतो, त्यांच्यामागील माणसांशीही बांधलेले असतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नव्हे. हजारो डॉलरची बाटली फोडणारा धनिक फसला, तर गरिबाने हळहळ का करावी? ज्या जगात अनेकांना शुद्ध पाणी मिळत नाही, तेथे हे दुःख चोचल्याचे नव्हे काय? एवढ्या किमतीमागे पुष्कळदा रसिकतेपेक्षा मिरवण्याची हौस असते, हे आम्ही नाकारीत नाही. अशक्य वाटावे इतके दुर्मीळ ते आपल्याकडेच असावे, या हव्यासाने खरेदीदारांनी स्वतःच्या शंकांना गप्प बसविले असेल, तर त्या दोषाचा वाटा त्यांचाही आहे. परंतु भेसळीचा इतिहास श्रीमंतांच्या मेजावर संपत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये १९०७ साली लहान द्राक्षबागायतदार रस्त्यावर आले. वाईनचे भाव कोसळले होते. अतिउत्पादन हे त्याचे एक कारण होतेच. पण साखर व पाणी घालून फुगवलेल्या मालाने प्रामाणिक शेतकऱ्याला जगणे अशक्य केले, असा त्यांचा आक्रोश होता. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखोंचा जमाव लोटला. नारबोन येथे सैन्याच्या गोळीबारात माणसे मेली. त्याच महिन्यात अशा भेसळीविरुद्ध कायदा झाला आणि पुढे १९३५ मध्ये उगमाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारी व्यवस्था उभी राहिली. यशया संदेष्ट्याने यरुशलेमच्या अपराधांत पाणी मिसळलेला द्राक्षारसही गणला, तो उगीच नव्हे. लबाडीचा माल अगोदर प्रामाणिकाचे दुकान बंद पाडतो.

पाँसो यांच्या वागण्यातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे. ते गप्प बसले असते, तर त्यांच्या घराण्याचे तत्काळ काही बिघडले नसते. जुन्या बाटल्यांना मोठी किंमत येणे म्हणजे नावाची कीर्तीच. वाडवडिलांनी कधी न केलेल्या वाईनचे श्रेय आयते पदरात पडत होते. ते त्यांनी नाकारले. निंदा खोटी असेल तर आपण सारेच तावातावाने उठतो. स्तुती खोटी असताना उठणारे थोडे. आपल्या नावावर चुकून जमा झालेले श्रेय परत करणे, ही सत्यनिष्ठेची अधिक अवघड कसोटी आहे. ती कार्यालयात येते, शाळेच्या निकालात येते, धर्मग्रामाच्या एखाद्या समारंभातील सत्कारातही येते.

ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार मिस्सासाठी वापरायचा द्राक्षारस नैसर्गिक, द्राक्षांपासूनच झालेला आणि न बिघडलेला असावा लागतो. वेदीवर उभा असलेला धर्मगुरू काही प्रयोगशाळा घेऊन उभा नसतो. ज्याने वेल राखली, ज्याने रस काढला, ज्याने बाटली भरली, त्या कधीही न पाहिलेल्या माणसांच्या शब्दावर विसंबून तो प्याला उचलतो. आपल्या भोवतीचे किती व्यवहार असेच कोणा अनोळखी माणसाच्या इमानावर उभे आहेत, आणि आपण स्वतः किती जणांसाठी तसे अनोळखी आहोत, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.